एस्तू, आपल्या नाताळाबद्दल

प्रिय एस्तू,

शनिवारी गाडीत तू विचारलंस, "पप्पा, आपण मराठी आहोत म्हणून आपला ख्रिसमस छोटा असतो का?" मम्मीने विषय बदलला आणि मी रस्त्याकडे बघत राहिलो. तू रागावून विचारलं असतंस तर मला इतकं लागलं नसतं. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. इथे ब्रिटनमध्ये तुझ्या मैत्रिणींच्या घरी झाडाखाली भेटी मावत नाहीत. चोवीस तारखेच्या रात्रीसाठी आणखी एक वेगळी पेटी असते आणि तिच्यात सगळ्या घरादाराला एकसारखे पायजमे. आपल्याकडे प्रत्येकाला एक भेट आणि आठवडाभर तळणीचा वास. मग मुलीने काय समजायचं?

तोंडी सांगताना माझं अर्धं राहून जातं, म्हणून लिहितोय.

नगरला आमचा नाताळ छोटा नव्हता, एस्तू. (तू नकाशावर शोधशील तर आता अहिल्यानगर लिहिलेलं दिसेल, पण घरात आपण नगरच म्हणतो.) डिसेंबर लागला की आजी डालड्याचा मोठा डबा आणायला सांगायची, आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नसायचा. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे. नानकटाईचं पीठ घेऊन आम्ही मुलं बेकरीत जायचो. बेकरीवाला पत्र्याचे ट्रे द्यायचा, तिथेच खाली बसून गोळे लावायचे आणि भट्टीला नंबर लागेपर्यंत थांबायचं. नाताळच्या आठवड्यात तो नंबर लवकर लागायचा नाही. नाना कापड बाजारातून एकाच ताग्यातलं कापड आणायचे. त्यात माझा आणि दीपककाकाचा शर्ट व्हायचा, उरलेल्यात सुवार्ताआत्याचा फ्रॉक. शिंपी आदल्या रात्रीपर्यंत झुलवायचा. रात्री कॅरल पार्टी यायची, पेटी आणि तबला घेऊन, टाळांसकट. गाणी संपली की सगळ्यांना चहा आणि फराळ. ती माणसं किती असतील हे कधीच आधी कळायचं नाही, त्यामुळे आजी अंदाजाने दुप्पट करून ठेवायची.

पण खरा सण पंचवीसला दुपारी असायचा. उपासना सुटली, पाळकसाहेबांना आणि सगळ्या मंडळीला भेटून झालं, की आम्हा मुलांचं काम सुरू. ताटं पोचवायची. आजी प्रत्येक ताट स्वतः लावायची आणि वर तिने विणलेला क्रोशाचा रुमाल टाकायची. शेखचाचींकडे, कुलकर्णी काकूंकडे, नानांच्या हेडमास्तरांकडे, दूधवाल्याकडे. दिवाळीला काकूंकडून ताट आलेलं असायचं, ईदला चाचींकडून शीरखुर्मा, आणि नाताळला आमची पाळी. ताट रिकामं परत यायचं नाही. घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर घालून द्यायचे.

ते सगळं आनंदाचं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा त्यात धास्तीही होती, ती तुला सांगितली नाही तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. काकूंच्या ताटात अनारसे असायचे, म्हणून आजीलाही अनारसे करायचेच असायचे, जमोत न जमोत. चाचींच्या शीरखुर्म्यात काजू-बदाम दिसले की आजी आपल्या करंजीतलं सुकं खोबरं कमी करून खसखस आणि चारोळी वाढवायची. आपलं ताट उणं दिसायला नको, एवढंच तिच्या डोक्यात. आणि गल्लीत काही घरं अशी होती, जी आमचं ताट हसून घ्यायची, पण खायची नाहीत. ख्रिस्ती माणसांच्या हातचं म्हणून, आणि ख्रिस्ती व्हायच्या आधी आमचे पणजोबा कोण होते ते त्यांना ठाऊक होतं म्हणून. आजीला हे माहीत होतं. तिथेही ताट जायचंच. ते सगळ्यात जास्त भरलेलं असायचं. एकदा मी विचारलं, ते खात नाहीत तर आपण का देतो? तिने मला उत्तर दिलं नाही, ताट हातात दिलं आणि म्हणाली, "नीट धर, सांडू नको."

या सगळ्याला पैसे कुठून यायचे? नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सरकारी नोकरांना सणासाठी बिनव्याजी उचल मिळायची, तिला सण अग्रिम म्हणतात. ती वर्षातून एकाच सणाला घेता यायची. शाळेतले बाकीचे गुरुजी दिवाळीला घ्यायचे, नाना नाताळला. मग दहा हप्त्यांत ती पगारातून कापली जायची. डिसेंबरच्या करंज्या ऑक्टोबरपर्यंत फिटायच्या, आणि तोवर पुढच्या अर्जाची वेळ आलेली असायची. वरचं जे लागेल ते आजीच्या भिशीतून. गल्लीतल्या बायकांमध्ये ठरलेलं होतं, दिवाळीच्या महिन्याची भिशी काकूंना, डिसेंबरची आजीला. त्या बायकांच्या समजूतदारपणावर आमचा सण उभा होता. म्हणून कुणी मला म्हणालं की आपल्याकडचे सण साधे आणि इथले उधळपट्टीचे, तर मला ते पटत नाही. उचल घेऊन सण करणारं घर मी आतून पाहिलंय.

इथेही तेच चालतं, फक्त ते मुलांच्या कानावर येत नाही. तू इथे जन्मायच्या खूप आधी, मी या देशात नवीन असताना, फेअरपॅक नावाची कंपनी बुडाली. लोक वर्षभर तिच्याकडे थोडे थोडे पैसे भरायचे आणि नाताळला त्याची व्हाउचर किंवा खाण्यापिण्याच्या टोपल्या मिळायच्या. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये, नाताळ तोंडावर असताना, कंपनी बंद पडली. लाखाहून जास्त माणसांची बचत अडकली, आणि ती बहुतेक बेताच्या कमाईची घरं होती. बऱ्याच ठिकाणी ओळखीतल्या, शेजारच्या बायकाच पैसे गोळा करून कंपनीकडे भरायच्या. त्यांना मी टीव्हीवर बघितलं तेव्हा मला आजीची भिशीच आठवली. मुलांच्या नाताळासाठी महिनोन् महिने पैसे बाजूला टाकणारी आई इकडची असो नाहीतर नगरची, मला ती परकी वाटत नाही.

तुझ्या मैत्रिणींच्या आईवडिलांबद्दलही मला तेच म्हणायचंय. ते उधळे आहेत असं मी कधी म्हटलेलं तू ऐकलं असशील, तर ते मनात ठेवू नकोस. बँक ऑफ इंग्लंडच्या हिशेबाने इथलं सर्वसाधारण घर डिसेंबरात इतर महिन्यांपेक्षा ७०० पौंडांच्या आसपास जास्त खर्च करतं. बऱ्याच ठिकाणी डिसेंबरचा पगार नाताळाआधीच होतो, आणि मग जानेवारी संपेपर्यंत त्यावरच काढायचं. दुकानाच्या प्रत्येक पानावर "आता घ्या, पैसे नंतर हप्त्यांत द्या" असं बटण. शाळेच्या ग्रुपवर बाईंच्या भेटीसाठी वर्गणी, सीक्रेट सँटा, पार्टी. ख्रिसमस जंपर डे, म्हणजे नाताळचा स्वेटर घालायचा दिवस, सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने २०१२ मध्ये गरजू मुलांच्या मदतीसाठी सुरू केला, आणि आपण गेल्या वर्षी त्यासाठी तुला नवा स्वेटर घेतला, कारण जुना तोकडा झाला होता आणि वर्गात तू एकटी वेगळी दिसायला नको होतीस. म्हणजे नाही म्हणणं मलाही सोपं जात नाही. आजीला गल्लीची धास्ती होती, मला तुझ्या वर्गाची आहे.

मार्टिन लुईस नावाचे गृहस्थ इथे टीव्हीवर पैशांबद्दल सांगतात ना, ते वर्षानुवर्षं एक गोष्ट लावून धरतात. मोठ्या माणसांनी एकमेकांना गरज नसलेल्या भेटी देणं आपसात ठरवून थांबवावं. कारण तुम्ही भेट दिलीत की समोरच्यालाही द्यावी लागते, त्याच्याकडे पैसे असोत वा नसोत. मला ते पटतं. पण पटतं तेवढ्यात आजीचं ताटही डोळ्यासमोर येतं. तेही तसंच होतं ना? दिलं की परत द्यावं लागायचं. मग मी एकाला ओझं म्हणतो आणि दुसऱ्याला माया, हे कशावरून? मला एवढंच सुचतं की नाना-आजींनी कर्ज काढून जे केलं, ते बरंचसं दुसऱ्यांच्या घरी गेलं. आम्हा भावंडांच्या वाट्याला नवा कपडा आणि फराळ. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला घरात नाताळ आहे हे कळायचं. मला त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी सोडणार नाही.

तरी त्याची किंमत आम्हीही दिली. मला सायकल हवी होती. नाना म्हणाले, पुढच्या नाताळला बघू. पुढच्या नाताळलाही अग्रिम करंज्यांत आणि ताटांत गेलं. सुवार्ताआत्या अजून सांगते, तुझे पप्पा लहानपणी फार समजूतदार होते, कधी काही मागितलं नाही. मी समजूतदार नव्हतो, एस्तू. मी गप्प होतो. विचारलं तर नानांना वाईट वाटेल, एवढं कळत होतं. तू गाडीत सरळ विचारलंस, याचं मला दुःख झालं आणि बरंही वाटलं.

तेव्हा तुझं उत्तर. आपण मराठी आहोत म्हणून आपल्याकडे भेटी कमी नाहीत. दर डिसेंबरात आपण थोडे पैसे नगरला पाठवतो, आजीच्या ताटांसाठी आणि आत्याच्या मुलांच्या कपड्यांसाठी. मी आणि मम्मीने ठरवलंय की नाताळासाठी कर्ज काढायचं नाही, कारण ते हप्ते मी लहानपणी मोजलेत. त्यातून जे उरतं ते झाडाखाली येतं. मम्मीला वाटतं, आजीची ताटं आता कमी केली तरी चालतील, आत्या फराळ विकतच आणते आणि आजकाल सगळ्यांच्या घरी सगळं असतं. कदाचित तिचं बरोबर असेल. आजी आहे तोवर मला ते तोडवत नाही.

समोरच्या आजींकडे आपण दरवर्षी ताट पाठवतो. गेल्या वर्षी तू न्यायला लाजलीस आणि दानीला पाठवलंस. मी काही बोललो नाही. त्या ताट परत देतात तेव्हा त्यात मिन्स पाय, म्हणजे इथला नाताळचा गोड फराळ, असतात, हे तुझ्या लक्षात आलंय का? त्यांना नगर कुठे आहे हेही माहीत नाही, आणि तरी ताट रिकामं येत नाही.

रविवारी जेवण झाल्यावर आपण चौघं बसू. डिसेंबरचा सगळा हिशेब मी टेबलावर मांडतो, किती येतात, किती नगरला जातात, किती उरतात. तूही आकडे बघ. नगरचे पैसे कमी करावेत असं तुला वाटलं तर तसं म्हण, मी ऐकून घेईन. हेडफोन हवेत हे मला माहीत आहे, आणि ते त्या हिशेबात बसतात, मी बघितलंय. एकसारखे पायजमे हवे असतील तर तेही बोल. माझा आणि दीपककाकाचा एका ताग्यातला शर्ट होताच की.

वीस तारखेला करंज्या आहेत. भरायला यायचं असेल तर ये. नाही आलीस तरी चालेल, हेडफोनचा आणि करंज्यांचा काही संबंध नाही.

तुझा,
पप्पा