साताऱ्यात राजधानीच्या कोणत्या ऐतिहासिक खुणा पाहाव्यात?

आपला प्रश्न असा आहे की, सातारा ही मराठ्यांची राजधानी होती असे आपण वाचले आहे, परंतु कास पठाराला जाता-येता शहरात तशी काहीच खूण दिसली नाही. तेव्हा एक दिवस हाताशी असल्यास नेमके काय पाहावे? माझे बालपण याच शहरात गेले असल्याने थोडे विस्ताराने सांगतो. रायगडावर राजधानी जशी एकाच माथ्यावर सापडते, तशी ती येथे सापडत नाही. साताऱ्याची राजधानी गडावरून पायथ्याला आणि पायथ्यावरून नदीकाठी उतरत गेली आहे, आणि आपणही तिच्यासोबत उतरत जावे, हे उत्तम.

सकाळ शहरामागच्या अजिंक्यतारा किल्ल्याला द्यावी. गाडी दरवाज्याच्या जवळपर्यंत जाते. वरचे वाडे आता जोत्यांपुरते उरले आहेत, त्यामुळे पुष्कळ जण वाऱ्यावर छायाचित्रे काढून परततात. पण मंगळाईच्या देवळाकडील तटावर थोडे थांबावे. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः येथे वेढा घालून बसला होता आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी त्याला १७०० च्या एप्रिलपर्यंत झुंजवले. या भागात मोगलांनी सुरुंग उडवला, तेव्हा तट आत न पडता बाहेर, म्हणजे चढाईसाठी दाटीवाटीने उभ्या असलेल्या त्यांच्याच सैन्यावर कोसळला. गड अखेर पडला आणि त्याचे नाव ‘आझमतारा’ झाले. मराठ्यांनी तो परत घेतला, तेव्हा ताराबाईंच्या काळात त्याला आजचे नाव मिळाले. पुढे त्याच ताराबाईंकडून संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज यांनी तो घेतला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी स्वतःस राज्याभिषेक करविला. गडाच्या पायथ्याशी शाहूनगर त्यांनीच वसवले. कारभार पुढे पुण्याला गेला हे खरे, पण पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच यावी लागत.

गावात उतरल्यावर राजवाडा पाहावा. आज हे बसथांब्याचे आणि भेळेच्या गाड्यांचे नाव झाले आहे, पण जुना राजवाडा साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२४ मध्ये बांधला. १८१९ च्या तहाने इंग्रजांनी त्यांना गादीवर ठेवले, १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडले, आणि त्यांच्यामागून गादीवर बसलेले त्यांचे बंधू आप्पासाहेब १८४८ मध्ये निपुत्रिक वारल्यावर दत्तकपुत्राचा हक्क नाकारून राज्यच खालसा केले. प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन राहिले होते. त्यांचे आणि १८५७ च्या इतर वीरांचे स्मरण म्हणून गडाच्या उतारावरील ‘चार भिंती’ येथे स्मारक आहे. वाटेतच असल्याने तेथे जरूर थांबावे.

राजवाड्याची दुसरी ओळख मला अधिक मोलाची वाटते. या इमारतीत शाळा भरत असे आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव येथेच दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयाला तासभर पुरतो. लंडनहून आलेली वाघनखे २०२४ च्या जुलैपासून येथे मांडली होती, पण ती ठरावीक मुदतीसाठी होती. केवळ त्यांच्यासाठी जाऊ नये.

दुपारी पंधराएक किलोमीटरवरील लिंब गाठावे. तेथील बारा मोटेची विहीर शाहू महाराजांच्या काळात राजघराण्यातील वीरूबाईंनी बांधविली; शके १६४१ ते १६४६ (इ.स. १७१९ ते १७२४) असा काळ सांगणारा शिलालेख तिच्यावर आहे. पायऱ्या उतरून गेल्यावर विहिरीच्या अंगातच दगडी महाल लागतो, आणि त्याच्या सज्जातून एकीकडे खोल पाणी व दुसरीकडे आलेल्या पायऱ्या दिसतात. वर काठावर मोटांनी उपसलेले पाणी ओतण्याची दगडी थारोळी आहेत. राजघराण्याचे हे बांधकाम मुळात बागाईत भिजविण्यासाठी होते, हे ती पाहिल्यावर लगेच पटते.

दिवस कलताना संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर घाट, विश्वेश्वराचे देऊळ आणि राजघराण्यातील समाध्या आहेत. १७४९ मध्ये साताऱ्यातच निधन पावलेल्या शाहू महाराजांची समाधी येथे आहे, ताराबाईंचीही आहे. हयातभर एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली ही दोन माणसे शेवटी एकाच घाटावर आली. जवळच महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने शिकारीत महाराजांना वाघापासून वाचविले, अशी कथा येथे सांगतात. फलकाच्या भरवशावर न राहता घाटावर कोणालाही ‘खंड्याची समाधी’ एवढे विचारावे. मात्र भर पावसाळ्यात नदी चढलेली असते, तेव्हा माहुलीचा बेत दिवाळीनंतरचा ठेवावा.