वाचक विचारतात : कोरडे उमासे, पेंगुळलेली दुपार आणि तीन महिन्यांचे मौन

प्रश्न : माझे वय २९ असून मी डोंबिवलीला राहते आणि मुंबईत फोर्ट भागातील एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. मला नववा आठवडा चालू आहे. सकाळी उठल्यापासून मळमळ सुरू होते, फोडणीच्या वासाने कोरडे उमासे येतात, आणि लोकलच्या गर्दीत घामाचा, अत्तराचा किंवा कोणाच्या डब्यातील भाजीचा वास आला तरी जीव कासावीस होतो. मागच्या आठवड्यात दोनदा मला ठाण्याला मध्येच उतरून फलाटावर उलटी करावी लागली. कार्यालयात पोहोचेपर्यंत अंगातले त्राण गेलेले असते आणि दुपारी तीननंतर संगणकासमोर डोळे मिटू लागतात. तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर कोणाला काही सांगायचे नाही, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. त्यामुळे मी कामचुकार झाले आहे, असेच आमच्या साहेबांना वाटत असावे. बाळाला बाधेल या भीतीने उलटीवरची गोळी घेतलेली नाही. अशक्तपणा जावा म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून लोहाच्या गोळ्या मात्र सुरू केल्या आहेत. पोटात काही ठरत नाही, तर बाळाचे पोषण कसे होत असेल? नोकरी सोडावी का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. केवळ या त्रासासाठी नोकरी सोडण्याची घाई करू नका. ही मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्या-दहाव्या आठवड्यात सर्वांत तीव्र असते आणि बहुतेक स्त्रियांमध्ये चौदाव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. सध्याचे दिवस हेच सर्वांत अवघड आहेत, आणि ज्या आठवड्यात घोटभर पाणीही पोटात ठरत नाही, त्या आठवड्यात राजीनाम्यासारखा निर्णय घेऊ नये, असे मला वाटते. बाळाच्या पोषणाची काळजीही आज करू नका. या टप्प्यावर गर्भाची लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर असते आणि त्याची गरज तुमच्या शरीरातील साठ्यातून सहज भागते.

हा त्रास मनाचा नव्हे, हेही घरात एकदा स्पष्ट झालेले बरे. २०२३ च्या अखेरीस ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, गर्भ आणि वार यांच्याकडून आईच्या रक्तात येणारे जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक मेंदूतील मळमळीशी संबंधित भागावर परिणाम करते, आणि गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण मुळातच कमी असते, त्यांना त्याची झळ अधिक बसते. ‘आम्हीही सगळे करून मुले वाढवली’ हे वाक्य मी दवाखान्यात जवळजवळ रोज ऐकते. ते म्हणणाऱ्या बाईचे कष्ट खरेच असतात, पण तिचे शरीर आणि सुनेचे शरीर एक नसते.

आता रोजच्या दिवसाकडे येऊ. रिकामे पोट हा मळमळीचा सर्वांत मोठा मित्र आहे. रात्री उशाशी डब्यात साळीच्या लाह्या, कुरमुरे किंवा खाकरा ठेवा, जाग आल्यावर अंथरुणातच मूठभर खा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठा. साळीच्या लाह्या आपल्याकडे डोहाळ्यांच्या उलट्यांवर पूर्वापार दिल्या जातात आणि त्या पचायलाही हलक्या असतात. उपाशीपोटी चहा मात्र बंद करा. दिवसभरात दर दोन तासांनी थोडेसे खा, आणि पाणी जेवणाबरोबर घटाघटा न पिता मधल्या वेळेत घोटघोट घ्या. गरम अन्नाचा वास अधिक येतो, म्हणून डब्यात दहीभात, दशमी किंवा मेतकूट-भात असे गार खाता येण्याजोगे पदार्थ न्या. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक अनेकींना उपयोगी पडतो. फोडणी काही आठवडे घरातील दुसऱ्या कोणी द्यावी. त्यात तुमच्या यजमानांचाही समावेश आहे, हे मुद्दाम लिहिते. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नका, कारण पोटातील आम्लामुळे दातांचे आवरण त्या वेळी नरम झालेले असते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा.

प्रवासाबाबत माझा सल्ला तुम्हाला कदाचित उलटा वाटेल : काही आठवडे जलद लोकल सोडून डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल धरा. वेळ जास्त लागेल, पण बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक असते आणि जीव घाबरला तर प्रत्येक स्थानकावर उतरता येते. डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवलात, तर दिव्यांगांसाठीच्या डब्यातूनही गर्भवतींना प्रवास करता येतो. पर्समध्ये एक लिंबू आणि दोन जाड पिशव्या असू द्या.

थकव्याचे मुख्य कारण प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आहे. या महिन्यांत ते झपाट्याने वाढते आणि झोप आणते. इच्छाशक्तीने त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटे पाठ टेकता आली आणि रात्री एक तास लवकर झोपलात, तर दुपार सुसह्य होते. मात्र थकवा आहे म्हणून आपणच लोहाच्या गोळ्या सुरू करणे चुकीचे झाले, कारण लोहाने मळमळ वाढते. पहिल्या तीन महिन्यांत सर्वसाधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड पुरेसे असते आणि लोह चौथ्या महिन्यापासून दिले जाते. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा तुमचे हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी निघाले, तर लोह कधी आणि कोणत्या स्वरूपात घ्यायचे, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

उलटीवरच्या औषधाची तुमची भीती अगदी निराधार नाही. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेले थॅलिडोमाइड हे औषध गर्भवतींना मळमळीवर दिले गेले, त्यातून हजारो बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. परंतु आज प्रथम दिले जाणारे डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, यांचे मिश्रण अनेक दशके वापरात असून त्याचा अभ्यासही विपुल झालेला आहे. अमेरिकेत खटल्यांच्या भाराने उत्पादकाने ते १९८३ मध्ये विक्रीतून काढले होते, आणि सुरक्षिततेची खात्री असल्याने २०१३ मध्ये त्याला तेथे पुन्हा मान्यता मिळाली. या गोळीने झोप येते, म्हणून ती बहुधा रात्री घेतात. औषधाच्या दुकानातून स्वतःहून काही घेऊ नका, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी भीतीपोटी कपाटातही ठेवू नका.

सर्वांत महत्त्वाचे मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांत होतात, म्हणून तोवर बोलायचे नाही ही रीत पडली, आणि तिच्यामागे दुःखाची चर्चा टाळण्याचा समंजसपणा आहे. पण त्याचा परिणाम असा होतो, की ज्या महिन्यांत बाईला सर्वांत जास्त आधार हवा, नेमक्या त्याच महिन्यांत तिच्यावर मौन लादले जाते, आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला सगळे जमतात, तेव्हा तिला धड जेवता येत असते. गावभर सांगू नका, पण साहेबांना किंवा मनुष्यबळ विभागातील एका जबाबदार व्यक्तीला सांगा, आणि ते आपल्यापुरते ठेवण्याची विनंती करा. मागणी नेमकी असू द्या : काही आठवडे तासभर उशिरा येण्याची मुभा, डोके स्वच्छ असते त्या वेळेत किचकट हिशेब, आणि डबे गरम करतात त्या जागेपासून दूरचे टेबल. कायद्यातील २६ आठवड्यांच्या मातृत्व रजेपैकी जास्तीत जास्त आठच आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात, त्यामुळे तिसऱ्या महिन्यातील उलट्यांना ती उपयोगी पडत नाही. मात्र गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारपणासाठी, पात्र कर्मचाऱ्याला वैद्यकीय दाखल्यावर एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम ठेवलेली आहे. ही तरतूद पुष्कळ कार्यालयांना सांगावी लागते, म्हणून अर्जात तिचा स्पष्ट उल्लेख करा.

चोवीस तासांत पाणीही पोटात ठरले नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी होऊ लागली, उलटीत रक्त दिसले, ताप आला, पोटात दुखू लागले किंवा अंगावरून रक्त गेले, तर कार्यालयात न जाता थेट रुग्णालयात जा. वजनही आठवड्यातून एकदा करा. मूळ वजन ५५ किलो असेल आणि त्यातून पावणेतीन किलोंहून अधिक घटले, तर तो नेहमीचा डोहाळ्यांचा त्रास उरत नाही आणि सलाईन लावावे लागते.

प्रश्न : माझी सून बँकेत नोकरी करते. तिला अकरावा आठवडा चालू आहे, पण एकदाही मळमळ झालेली नाही आणि ती पूर्वीसारखीच धावपळ करते. काही बिघाड तर नसेल ना?
— एक सासूबाई, नाशिक

उत्तर : दर चार-पाच गर्भवतींपैकी एकीला हा त्रास जवळजवळ होतच नाही, आणि तो न होणे हे बिघाडाचे लक्षण नाही. तिला बळेच विश्रांती घ्यायला लावण्याची गरज नाही. फक्त थकल्यावर तिला आडवे होता येईल, इतकी मोकळीक घरात असू द्या. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान करायची सोनोग्राफी मात्र कामाच्या घाईत मागे पडू शकते, तेव्हा तिची तारीख आजच ठरवून घ्यायला सांगा.