स्थानिक वाहिनीवर बातम्या देणाऱ्याने प्रवासाचा कार्यक्रम करावा का?

तुम्ही विचारलंय की केबल वाहिनीवर 2 वर्षं बातम्या देताय, फिरायची आवड आहे, तर बातम्या सोडून प्रवासाच्या कार्यक्रमाकडे वळावं का. मी साताऱ्यात गेली 11 वर्षं दोन्ही करते आहे. संध्याकाळचं बुलेटिन आणि आठवड्याला भटकंतीचा एक भाग. कार्यक्रम जरूर करा. बातम्या मात्र सोडू नका.

अडचण येईल ती आवाजाची आणि घाईची. आमची पिढी दूरदर्शनवर प्रदीप भिडे यांच्या बातम्या ऐकत वाढली. त्यामुळे स्पष्ट उच्चार, एक लय, चेहऱ्यावर संयम हे सगळं आपण मन लावून शिकतो. स्टुडिओत ते सोनं आहे. पण बाहेर पडल्यावर तीच लय आड येते.

माझा पहिला भाग साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीचा होता. अष्टकोनी दगडी विहीर, पायऱ्या उतरून गेलं की आत छोटा महाल, वर मोटांच्या, म्हणजे बैलांकडून पाणी ओढायच्या चामडी पिशव्यांच्या, जागा. मी टाचण पाठ करून गेले होते आणि बुलेटिन वाचावं तसं बोलत सुटले. तिथे एक आजोबा उभे होते. लहानपणी त्यांनी घरच्या विहिरीवर मोट हाकली होती. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीकाठच्या उतारावरून, खाली जाताना मोट कशी वर येते, मग त्यांना उलट्या पावली मागे कसं आणायचं, हे ते स्वतः दोन पावलं मागे सरकत दाखवायला लागले. मोटेवरचं गाणं ओठावर आलंच होतं. पण बातमीचा बाइट, म्हणजे समोरच्याच्या बोलण्याचा तुकडा, 20 सेकंदांचा असतो ना! मी हात पुढे करून "धन्यवाद आजोबा" म्हटलं आणि कॅमेऱ्याकडे वळले.

एडिटिंगला बसल्यावर मला ते बघवेना. पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून, खुर्ची मांडून बसले होते. मोटेची सगळी माहिती त्यांनी नीट सांगितली, पण ती मागे सरकणारी पावलं पुन्हा आली नाहीत. तेव्हापासून समोरचा माणूस थांबल्यावरही मी मनात पाच आकडे मोजते आणि मगच बोलते. खरं बोलणं बहुतेक वेळा त्या पाच आकड्यांतच येतं.

बातम्या का सोडू नयेत, तर पावसाळ्यात धबधब्यावर बुडालेल्या मुलाची बातमी आपणच दिलेली असते. त्यामुळे कॅमेरामनने कितीही गळ घातली तरी मी कड्याच्या टोकावर उभी राहून पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून निवेदन, करत नाही. कासचं पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं. फुलांच्या दिवसांत तिथे गाड्यांची रांग लागते, हे आपण बुलेटिनमध्ये सांगतो. मग आपल्याच कार्यक्रमात फुलांत बसून फोटो कसा काढायचा?

पैशाचं आधीच ठरवून घ्या. एका रिसॉर्टवर आम्ही पाहुणचार घेऊन शूट केलं होतं. काही महिन्यांनी त्यांच्याच सांडपाण्याची तक्रार बुलेटिनला आली. बातमी मीच दिली, एक शब्दही कमी केला नाही. तरी बाजारात एका बाईंनी विचारलं, "ताई, तिथलं जेवण तर तुम्ही चांगलं म्हणाला होता." मला त्याचं फार लागलं. आता जेवणाचं आणि मुक्कामाचं बिल आम्हीच भरतो, आणि प्रायोजकाची पाटी फक्त सुरुवातीला दिसते.

या आठवड्यात तुमच्या जवळच्या आठवडी बाजारात जा. मोबाईलवर 10 मिनिटं चित्रण करा, पण स्वतः एक शब्दही बोलू नका. भाव करणारे आवाज, तराजू, बांगडीवाल्याचे हात एवढंच येऊ द्या. मग ते संपादकांना दाखवा. कार्यक्रम मागायला कागदावरच्या प्रस्तावापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.