रताळी आतून किडतात, कडू लागतात. कोणतं औषध फवारावं?

तुम्ही लिहिलंय, बेळगाव तालुक्यात माळावर रताळी आहेत, वरून चांगली दिसतात, पण चिरली की आत काळे बोगदे आणि पांढरी अळी. हा सोंड्या भुंगा. मुंगीएवढाच दिसतो, डोकं आणि पंख निळसर काळे, मधला भाग आणि पाय तांबडे. फवारणीवर पैसे घालू नका. अळी कंदात नाहीतर वेलाच्या बुडख्यात असते, पानावरचं औषध तिच्यापर्यंत जात नाही.

या किड्याला माती उकरून खोल जाता येत नाही. तो भेगेतून कंदाला गाठतो. पाऊस उघडला की वरंबे तडकतात, त्यात कंद फुगताना आतून माती सारतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत कीड वाढते. म्हणून लावणीनंतर 30 दिवसांनी एक आणि 60 दिवसांनी दुसरी भर द्यायचीच, म्हणजे वरंब्यावर माती चढवायची. पहिली भर बहुतेकजण देतात, दुसरी चुकते, कारण तोवर वेलांनी सरी झाकलेली असते. वेल उचलून एका अंगाला करा, माती ओढा, वेल परत पसरा. यात वेलाला जागोजाग फुटलेली मुळं तुटतात, त्याची काळजी नको. उलट मूळ बुडख्यातले कंद चांगले पोसतात. कुठं कंद उघडा दिसला तर लगेच झाका. पाण्याची सोय असेल तर पाऊस गेल्यावर हलकं पाणी देत राहा, भेग पडू देऊ नका.

दुसरं दुखणं बेण्याचं. मादी वेलाच्या जुन्या, जाड भागात अंडी घालते. किडक्या शेतातलं बुडखं आणून लावलंत तर कीडही सोबत लावली. निरोगी शेतातले शेंड्याकडचे 20 ते 30 सेंटीमीटरचे तुकडेच घ्या.

तिरुवनंतपुरमची केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नराला ओढणारे सापळे, सुचवते: 100 चौरस मीटरला एक, म्हणजे गुंठ्याला एक, एकरी 40. प्लॅस्टिकच्या डब्याला बाजूंनी खिडक्या कापा, तळाला साबणाचं पाणी ठेवा आणि वर गंधाची गोळी टांगा. पाणी आटलं की भरा. मात्र यात फक्त नर पडतात. फळलेली मादी अंडी घालतच राहते, त्यामुळे सापळे लावले म्हणून भर टाळता येत नाही.

पीक साडेतीन-चार महिन्यांत तयार झालं की काढा. उपवासाच्या दिवसांतला भाव मिळेल म्हणून कंद जमिनीतच ठेवणं मला परवडणारं वाटत नाही. किडीची एक पिढी साधारण महिन्यात पुरी होते, तेवढ्यात निम्मा माल कडू व्हायला वेळ लागत नाही. थोडीशी कीड लागलेलं रताळंही खाण्याजोगं राहत नाही. काढणीनंतर किडके कंद, बुडखे गोळा करून खोल पुरा, बांधावरचे रताळ्याच्या जातीचे रानवेल उपटा. पुढच्या वर्षी त्या तुकड्यात भात, नाचणी किंवा भुईमूग घ्या, आणि नवं रताळं जुन्या शेताला लागून लावू नका.

किडकी, बुरशी आलेली रताळी गुरांपुढं टाकू नका. अशा कंदात तयार होणारं विष गुरांच्या फुफ्फुसांवर जातं, धाप लागून जनावर दगावतं. निरोगी वेल मात्र चारा म्हणून खुशाल घाला.