माथेरानची मिनी ट्रेन कायमची बंद होणार आहे का?

तुम्ही विचारलंय की माथेरानची मिनी ट्रेन आता कायमची बंद पडणार असं कानावर आलं, ते खरं आहे का, आणि मुलांना ती दाखवायची राहून तर जाणार नाही ना.

रेल्वेचं धोरण ही गाडी बंद करण्याचं नाही. देशातले जे पाच डोंगरी मार्ग वारसा म्हणून जपायचं ठरलं आहे त्यांत दार्जिलिंग, निलगिरी, कालका-सिमला आणि कांगडा यांच्याबरोबर माथेरान आहे. तरीही माझा जीव या गाडीत अडकलाय आणि मला काळजी वाटते. माझं माहेर नेरळचं. माझी भीती गाडी बंद होण्याची नाही, ती आखूड होण्याची आहे.

हा मार्ग साधारण २१ किलोमीटरचा. पण एकाच रुळावर या खरं तर दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नेरळपासून जुम्मापट्टी, वॉटर पाईप करत अमन लॉजपर्यंत जवळजवळ १८ किलोमीटरचा घाट. आणि अमन लॉज ते माथेरान हा वरच्या पठारावरचा जेमतेम तीन किलोमीटरचा तुकडा. मोटारगाड्यांना अमन लॉजजवळच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे बंदी असल्यामुळे टॅक्सीने वर येणारा प्रत्येक माणूस तिथे उतरतो, आणि बाजारात जायला त्याला हा छोटा तुकडा हवाच असतो. म्हणून अमन लॉज-माथेरान शटल भरून धावते, पावसाळ्यातही चालते, माथेरानकरांचं सामानसुमान वाहते. घाटातली गाडी मात्र जूनमध्ये थांबते आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. होते, असं म्हणायचं. कधी होते, कधी होत नाही.

मागचा हिशेब बघा. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्गाची धूळधाण झाली, गाडी पुन्हा धावली ती २००७ मध्ये, मार्गाच्या शंभरीच्या वर्षी. मे २०१६ मध्ये एका आठवड्यात दोनदा डबे घसरले, सेवा थांबली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आधी शटल सुरू झाली, नेरळहून गाडी सुटायला जानेवारी २०१८ उजाडलं. जेमतेम दीड वर्ष गेलं आणि २०१९ च्या पावसाने घाटातला रूळ जागोजाग उखडला. त्याच डिसेंबरमध्ये शटल परत आली. नेरळची गाडी आली ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधे कोरोना होता हे मान्य. पण या शेवटच्या दोन्ही वेळी शटल आधी आणि घाट नंतर, हा क्रम बदललेला नाही. असंच चालू राहिलं तर एखाद्या पावसाळ्यानंतर घाटाची दुरुस्ती 'पुढच्या हंगामात बघू' म्हणून राहील आणि कुणी आदेश न काढताच १८ किलोमीटर गवताखाली जातील. कागदोपत्री माथेरानची गाडी चालूच असेल.

घाट दर वेळी मोडतो कसा, हे समजून घेतलं तर बाकी सगळं समजतं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या, म्हणजे सर आदमजींच्या पैशातून १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला, त्या काळचे सोळा लाख खर्चून. २२ मार्च १९०७ ला तो खुला झाला. दोन फुटांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, निवडला कारण डोंगराच्या अंगाला घट्ट चिकटून वळता यावं. चढ काही ठिकाणी वीसाला एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. दातेरी रूळ नाही. चाक नुसतं रुळाला धरून चढतं. एवढं साधायचं तर मार्ग उताराला आडवा कोरावा लागतो: आतल्या बाजूने कातळ तासायचा, बाहेरच्या बाजूने भराव टाकायचा. आणि सह्याद्रीत पाणी वरून खाली उभं धावतं. पावसाच्या काही महिन्यांत काही हजार मिलिमीटर पाणी त्या आडव्या रेषेला उभं छेदत जातं. त्यासाठीच जागोजागी रुळाखालून पाणी काढून देणाऱ्या मोऱ्या आहेत. मोरी दगडमातीने बुजली की पाणी रुळावर चढतं, खडी घेऊन जातं, मग बाहेरचा भराव खचतो आणि रूळ स्लीपरसकट हवेत लोंबत राहतो. वरून दरड आली तर ती दिसते, बातमी होते. बुजलेल्या मोरीची बातमी होत नाही. पण माझ्या मते बरंचसं नुकसान तिथूनच सुरू होतं.

म्हणून मला राहून राहून वाटतं की इंजिनाबद्दलची चर्चा चुकीच्या जागी चालली आहे. ओरेनस्टाइन अँड कोपेलची वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं, त्यालाही कित्येक वर्षं झाली. आता वारसा मार्गांवर हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्या आणण्याची योजना आहे. २०२३ मध्ये संसदेत सांगितलेला अंदाज एका गाडीला ८० कोटी आणि शिवाय प्रत्येक मार्गावरच्या सोयींना ७० कोटी असा होता, आणि यादीत माथेरान होतं. धूर न सोडणारी गाडी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात यावी याला माझा विरोध कशाला असेल? पण १९०७ पासून आजवर हा मार्ग इंजिनामुळे वर्षानुवर्षं बंद पडलेला नाही, तो बहुतेक वेळा डोंगरामुळे पडला आहे. दीडशे कोटींची भाषा करायची तर त्यातला पहिला पैसा मोऱ्या, गटारं, जाळीत भरलेल्या दगडांच्या भिंती आणि बारा महिने रुळावर फिरणारी माणसं यांच्यावर लागला पाहिजे. दुरुस्तीचं काम एप्रिल-मेमध्ये, पाऊस येण्याआधी झालं पाहिजे. रेल्वेने २०१६ नंतर कठडे घातले, २०१९ नंतर दगडी जाळ्यांच्या भिंती उभारल्या, आणि ते काम चांगलं झालं आहे. माझं म्हणणं एवढंच की ते मोडल्यानंतर झालं.

युनेस्कोचा शिक्का मिळाला तर सगळं सुरळीत होईल, असंही बरेच जण म्हणतात. माथेरान संभाव्य यादीत आहे. दार्जिलिंगला १९९९ मध्ये, निलगिरीला २००५ मध्ये, कालका-सिमल्याला २००८ मध्ये मान मिळाला, आपण मागे राहिलो याचं वाईट मलाही वाटतं. पण दार्जिलिंगचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. जागतिक वारसा असूनही २०१० च्या दरडीनंतर खालून वरपर्यंतची पूर्ण गाडी तिथे २०१५ पर्यंत धावली नाही. त्या काळात वरच्या दार्जिलिंग-घूम टप्प्यावरच्या पर्यटक फेऱ्या मात्र चालू होत्या. आपल्या शटलचीच ही मोठी बहीण. मान मिळावा, जरूर मिळावा, पण त्याने मोरी साफ होत नाही.

'नॅरोगेजचे दिवसच संपले' असं कुणी म्हणालं तर तेही पुरतं बरोबर नाही. मिरज-लातूरची बार्शी लाईट ब्रॉडगेज झाली, आणि ते योग्यच झालं, कारण तिचं काम माणसं आणि माल जलद पोहोचवणं हेच होतं. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला थांबली, तिचीही मागणी आज ब्रॉडगेजची आहे. माथेरानच्या गाडीचं तसं नाही. नेरळहून टॅक्सी अर्ध्या तासात दस्तुरीला सोडते, गाडीला दोन तासांहून जास्त लागतात, आणि तरी सुट्टीच्या दिवशी नेरळच्या खिडकीवर तिकीट न मिळालेली माणसं उभी असतात. हळू जाणं हा तिचा दोष कुणीच धरत नाही. त्यामुळे तिला वेगाच्या किंवा निव्वळ तोट्याच्या फूटपट्टीने मोजायचं कारण नाही.

आता एक गोष्ट नवीन घडते आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २०२२ च्या अखेरीस माथेरानमध्ये ई-रिक्षा आल्या. माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा बंद करायचा आदेशही २०२५ मध्ये झाला. तो खूप आधी व्हायला हवा होता. ई-रिक्षा वाढतील तशी दस्तुरी ते बाजार ही सोय रस्त्यानेच होऊ लागेल. म्हणजे जी शटल आज सर्वांत भक्कम वाटते, तिलाच स्पर्धा आहे. घाटातल्या गाडीला स्पर्धा कुणाचीच नाही. टॅक्सीतून घाटातला बोगदा दिसत नाही, नागमोडी वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन समोर दिसत नाही. रेल्वेने व्यवहार म्हणून जरी विचार केला, तरी पैसा घाटात घालणं शहाणपणाचं आहे असं मला मनापासून वाटतं. तिकीट जास्त ठेवा, स्थानिकांना सवलत द्या, आरक्षणाची धड व्यवस्था करा, लोक देतील.

तर मुलांना घेऊन या, आणि फार लांबणीवर टाकू नका. नोव्हेंबर ते मे हा काळ धरा. घाटातली गाडी सुरू झाल्याची खात्री मध्य रेल्वेकडून करून मगच निघा, कारण 'मिनी ट्रेन सुरू' या बातमीत पुष्कळदा फक्त शटल असते. शनिवार-रविवार टाळा. मिनी ट्रेनच्या मोजक्याच फेऱ्या आणि मोजक्याच जागा असतात, तेव्हा सकाळी लवकर नेरळला पोहोचा. दस्तुरीपर्यंत टॅक्सी करून मग शटलमध्ये बसलात तर मुलांना गाडीत बसल्याचा आनंद मिळेल, पण तुम्ही ज्या गाडीबद्दल विचारताय ती राहून जाईल. तिकीट नेरळपासूनचं काढा. वर जाताना नाहीच मिळालं तर परतीचं माथेरानहून खाली नेरळपर्यंतचं बघा. स्टेशनवर सूचना-तक्रार वही असते. घाटाची गाडी वेळेवर सुरू व्हावी असं दोन ओळींत, तारीख घालून, तिथे लिहून या.