काकूंना न्यू जर्सीला नेण्यापूर्वी

काका, काकूंच्या पार्किन्सनसाठी न्यू जर्सीत मुलाच्या घरी परिचारिका येईल का, असे आपण विचारले आहे. येते. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा अमेरिकी सरकारी आरोग्य विमा, केव्हा लागू होतो, अर्ज कोणता, हे सरकारी संकेतस्थळावर आहे. मी वेगळे सांगणार आहे. घरी मिळणारी शुश्रूषा तेथे सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही.

तेथे माझ्या आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून थोडाच वेळ येत. मेडिकेअर तेवढेच देते. दिवसभर माणूस हवा तर पैसे पदरचे; ज्याच्याकडे ते नाहीत त्याला मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना, आणि त्यातही १९९६च्या कायद्यामुळे नव्या ग्रीनकार्डधारकांना बहुधा पाच वर्षे थांबावे लागते. घरी परिचारिका पाठवणाऱ्या चांगल्या मानांकनाच्या संस्था कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गरीब रुग्णांना कमी मिळतात, आणि त्याचे एक मोठे कारण त्यांची वस्ती हे असते.

आमची वस्ती बरी होती. अडले ते भाषेवर. परिचारिका आईचे दुखणे मला विचारी, आणि आई तिच्याकडे पाहून नुसती मान हलवी. विनामूल्य दुभाषी हा रुग्णाचा हक्क असूनही संस्थेने मला एका कागदासाठी तीन टेबलांकडे फिरवले आणि शेवटी फोनवर हिंदी दुभाषी दिला. आईला हिंदीत स्वतःच्या शरीराविषयी बोलण्याचा संकोच वाटे.

पुढे रुग्णांच्या अनुभवाची प्रश्नावली आली: हळुवारपणे वागवले का, समजेल असे सांगितले का, लक्षपूर्वक ऐकले का. ती इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, रशियन, व्हिएतनामी अशा भाषांत असते. मराठी किंवा हिंदीत नसते. तिच्या उत्तरांवरून संस्थांना मानांकनाचे तारे मिळतात. आई म्हणाली, "सगळं चांगलं लिही, नाहीतर पुढच्या वेळी कुणी यायचं नाही." उत्तर तिचे होते, म्हणून मी तसेच लिहिले, पण तिच्या भीतीला तेथे रकाना नव्हता, हे मला आजही सलते.

एकटेपणाविषयी आपण विचारलेत. देऊळ आणि वाचनालय जवळ असले की निभते.

रुग्णालयातून घरी सोडताना संस्थांची यादी देतात आणि निवड रुग्णाची असते. त्या दिवशी घाईने सही करू नका. मराठी बोलणारे कोणी आहे का, हे मुलाला आधी त्या संस्थांना फोनवर विचारायला सांगा, आणि दुभाष्याची मागणी पहिल्याच भेटीत लेखी नोंदवून घ्या.