काताविन्याजवळच्या रँचवर तंबूतली एक रात्र: निघण्याआधी काय ठरवाल

प्रश्न थोडक्यात असा: सॅन डिएगोहून चौघं जण, भाड्याची एसयूव्ही, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात काताविन्याजवळच्या रँचवर एक रात्र तंबूत काढायची आहे. सकाळी सहाला निघून त्याच दिवशी पोहोचता येईल का, आणि सोबत काय न्यावं?

पोहोचाल, पण अंधारात, म्हणून त्याच दिवशी जाऊ नका. तिहुआनापासून काताविन्या साधारण पावणेपाचशे किलोमीटर आहे. फोनवरचा नकाशा जो वेळ सांगतो त्यात सीमेवरचे सोपस्कार, लष्कराचे नाके आणि सान किन्तीनच्या शेतीपट्ट्यातले गतिरोधक (तिकडे 'तोपे' म्हणतात, आणि काही तर नुसते रंगहीन उंचवटे असतात) धरलेले नसतात. त्या दिवसांत तिथे सूर्य पावणेपाचच्या आसपास मावळतो. एक नंबरचा हायवे 1973 साली पूर्ण झाला आणि एल रोसारिओच्या पुढे अजूनही बराचसा अरुंद दुपदरीच आहे. कडेला गाडी उतरवायला जागा नाही, डांबर संपलं की सरळ खाली. दोन्ही बाजूंना कुंपण नाही, आणि थंडीत गुरं उबेसाठी डांबरावर येऊन बसतात. काळी गाय, काळा रस्ता आणि समोरून ट्रकचे दिवे, यावर कुठल्याही गाडीत उपाय नाही. पहिली रात्र सान किन्तीन किंवा एल रोसारिओला हॉटेलात काढा. सकाळी नऊला एल रोसारिओ सोडलंत तरी पुढचे 120 किलोमीटर दोन तासांत होतात आणि तंबू लावायला अख्खी दुपार हाताशी राहते. या मुक्कामातल्या बहुतेक फजित्या उशिरा पोहोचल्यामुळेच होतात. जागा दिसत नाही, मालक भेटत नाही, काटे पायात जातात आणि वाऱ्यात तंबू उभा राहत नाही.

आता कागद. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर वेगळा काढावा लागत नाही. इथे एच-वन वाल्यांची गल्लत होते. पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल आणि हातात फक्त मुदतवाढीचं मंजुरीपत्र असेल, तर मेक्सिकोच्या नियमात ते बसत नाही. शिक्काच लागतो. गाडीने जाताना कोणी अडवतही नाही, हिरवा दिवा मिळतो आणि माणूस थेट शहरात शिरतो. तरीही तिथेच थांबून इमिग्रेशनच्या खिडकीवर एफएमएम हा प्रवेशाचा फॉर्म भरून शिक्का घ्या. पुढे नाक्यावर कोणी विचारलं तर तोच कागद दाखवायचा असतो.

गाडीसाठी भाड्याच्या कंपनीची मेक्सिकोत नेण्याची लेखी परवानगी हवी. अमेरिकेतला विमा तिकडे नुकसानभरपाईसाठी ग्राह्य धरत नाहीत, त्यामुळे मेक्सिकन पॉलिसी घ्या, आणि तिच्यात टोइंग आणि वकिलाचा खर्च आहे ना ते बघा. बाहा द्वीपकल्पापुरता गाडीचा तात्पुरता आयात परवाना लागत नाही. तो मुख्य भूमीवर जाणाऱ्यांसाठी आहे. भाड्याच्या करारात 'कच्च्या रस्त्यावर नेऊ नये' हे कलम जवळपास नेहमी असतं. म्हणून माझं मत विचाराल तर आत तीस-चाळीस किलोमीटर कच्च्याने जाणारी रँच या खेपेला सोडा आणि हायवेलगतची निवडा. काताविन्याच्या किंचित दक्षिणेला असलेलं रांचो सान्ता इनेस वर्षानुवर्षं प्रवाशांच्या मुक्कामाचं ठिकाण आहे आणि हायवेपासून फार आत नाही. दगडगोट्यांचं रान, कार्दोन नावाचे प्रचंड निवडुंग आणि उलट्या गाजरासारखी दिसणारी सिरिओची झाडं तिथेही तेवढीच आहेत.

पेट्रोलचं गणित करा, घाबरू नका. एल रोसारिओला टाकी काठोकाठ भरा, कारण त्यानंतरचा भरवशाचा पंप व्हिया हेसूस मारियाला, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात. मध्ये काताविन्याला रस्त्याकडेला पिंपातून पेट्रोल विकतात. ते अडीनडीला ठीक, पण महाग, आणि त्यावर बेत आखू नये. तुम्ही काताविन्याहून माघारी फिरणार असाल तर जाऊन-येऊन 240 किलोमीटर, अधिक इकडेतिकडे तीस. साठ लिटरची टाकी आणि लिटरला नऊ किलोमीटर धरलं तर निम्म्याच्या आसपास टाकी उरते. जेरीकॅनची गरजच नाही, आणि बंद गाडीत माणसांसोबत पेट्रोलचा कॅन नेणं हा वेडेपणा आहे. पंपावर मीटर शून्यावर आहे हे बघून मगच 'येनो' म्हणा, म्हणजे फुल.

पाण्यात मात्र काटकसर करू नका. पिण्यासाठी माणशी दिवसाला चार लिटर, चौघांचे दोन दिवसांचे 32. स्वयंपाक आणि भांडी आठ. गाडी बंद पडून एक दिवस अडकलात तर वीस राखीव. म्हणजे साठ लिटर, तिकडच्या हिशेबात वीस लिटरचे तीन 'गार्राफोन'. शहरांत 'पुरिफिकादोरा' लिहिलेल्या दुकानांत ते भरून मिळतात. एकाच मोठ्या भांड्यात सगळं पाणी ठेवू नका, एक भेग पडली की संपलं. रँचवरच्या विहिरीचं पाणी भांड्याला वापरा. ते मचूळ असू शकतं, पिण्यासाठी त्यावर अवलंबून राहू नका. कोरड्या हवेत घाम जाणवत नाही आणि तहानही उशिरा लागते, म्हणून ओआरएसची चार पाकिटं बरोबर असू द्या.

पाण्याबरोबर येणारी एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांना माहीत नसते: मधमाश्या. त्या रानात ओल कुठेच नसते. गार्राफोनचा नळ थेंब-थेंब गळत असेल, ओला फडका वाळत घातला असेल किंवा खरकटी ताटली ठेवली असेल, तर अर्ध्या तासात दहा-वीस माश्या येतात आणि दुपारपर्यंत शेकडो होतात. मारत बसू नका. नळ घट्ट करा, ओलं सगळं गाडीत टाका, आणि चाळीस-पन्नास पावलांवर उथळ ताटलीत थोडं पाणी आणि दोन खडे ठेवून द्या. त्या तिकडे वळतात, आणि सूर्य कलला की निघून जातात.

पोहोचल्यावर आवडली म्हणून कुठल्याही जागी तंबू टाकायचा नाही. ते कुणाचं तरी रान आहे. घरापासून थोडं लांब थांबा, कुत्र्यांना कोणी आवरेपर्यंत गाडीतून उतरू नका, मग 'बुएनास तार्देस, सेन्योर' आणि 'से पुएदे आकांपार आकी?' एवढ्यावर काम होतं. दर तिथेच विचारा आणि पैसे संध्याकाळीच द्या, कारण सकाळी मालक गुरांमागे गेलेला असू शकतो. कार्ड चालत नाही. वीस, पन्नास, शंभर पेसोच्या नोटा जवळ ठेवा, पाचशेची मोड मिळत नाही. वाटेतलं फाटक उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद, असंच सोडून पुढे जा. शिस्त म्हणून स्वतःहून बंद केलेल्या फाटकामुळे गुरं पाण्याला मुकतात. हौदाजवळ तर मुक्काम अजिबात नको. रात्री गुरं आणि रानातली जनावरं तिथे पाण्यावर येतात, आणि माणूस दिसला की बुजून परततात.

शौचालय असेलच असं धरू नका. खड्डा हौदापासून, विहिरीपासून आणि ओढ्यापासून किमान साठ मीटर दूर, वीतभर खोल. कागद मात्र पुरायचा नाही. त्या कोरड्या मातीत तो कुजत नाही, आणि कोयोटे, म्हणजे तिथले कोल्ह्यासारखे प्राणी, उकरून काढतात. जाड पिशवीत भरून परत आणा.

जागा निवडताना सगळ्यात मोहात पाडते ती आरोयोची सपाट, मऊ वाळू. आरोयो म्हणजे कोरडा ओढा. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्याकडे आभाळ निरभ्र असताना येऊ शकतो. डिसेंबरात चक्रीवादळांचा मोसम संपलेला असतो. पूर्व पॅसिफिकमध्ये तो 15 मे ते 30 नोव्हेंबर असतो, आणि ऑगस्ट 2023 मध्ये हिलरी वादळ उत्तर बाहातच जमिनीवर चढलं होतं. पण थंडीतही पॅसिफिकवरून पाऊस येतो, तेव्हा काठावर, ओढ्याच्या पात्रापेक्षा दोन-तीन मीटर उंच जागा बघा. कार्दोनच्या खाली नको. मोठा कार्दोन काही टनांचा असतो, आणि आतून सडलेली फांदी वाऱ्यात पडते. मोठ्या दगडांचा आडोसा वाऱ्यासाठी चांगला, पण दोन दगडांच्या फटीत नको, तिथे वारा उलट जोराने घुसतो.

तंबूआधी केरसुणी. विनोद नाही. छोटी केरसुणी न्या आणि तीन मीटरचा चौक झाडून घ्या. चोया नावाच्या निवडुंगाचे गळालेले गोळे वाळूत मिसळलेले असतात आणि ते चपलेच्या रबरातूनही घुसतात. गोळा पायाला किंवा कपड्याला चिकटला तर हाताने उपटू नका, दुसऱ्या हाताला चिकटेल. कडक दातांचा कंगवा गोळा आणि कातडीच्या मध्ये सरकवा, एका झटक्यात बाहेर उडवा, आणि मागे उरलेले काटे चिमट्याने सरळ ओढून काढा. त्यांना उलटी बारीक कुसळं असतात, म्हणून वाकडं ओढलं की काटा आत तुटतो. याच कारणाने फुगवायच्या गादीखाली फोमची जाड चटई टाका. पंक्चर झालेल्या गादीवर थंडीत झोप लागत नाही.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या तिथल्या ग्रॅनाइटच्या भुग्यात टिकत नाहीत. हाताने सहज आत जातात आणि पहिल्या झोतात तितक्याच सहज बाहेर येतात. कापडी पिशवीत वाळू भरा, तोंड बांधून तिला दोरी अडकवा, दीड वीत खोल पुरा आणि वर माती दाबा. चार कोपऱ्यांना चार पिशव्या पुरेत. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. थंडीत वारा बऱ्याचदा उत्तरेकडून असतो, पण संध्याकाळी प्रत्यक्ष बघूनच ठरवा. दिवसा 20 अंश असलेली हवा पहाटे शून्याजवळ उतरू शकते, तेव्हा झोपायची पिशवी शून्य अंश 'कम्फर्ट' लिहिलेलीच घ्या. पिशवीवर ठळक छापलेला आकडा बऱ्याचदा जेमतेम तग धरण्याचा असतो, कम्फर्टचा वेगळा बारीक अक्षरात असतो. रात्र तेरा तासांहून मोठी असते, हेडलॅम्पचे जादा सेल घ्या.

लाकूड रानातून गोळा करू नका. हा सगळा भाग व्हाये दे लोस सिरिओस या संरक्षित क्षेत्रात येतो, आणि वाळलेला कार्दोन किंवा सिरिओसुद्धा कुणाचं तरी बीळ, कुणाचं तरी घरटं असतो. रँचवर जळण विकत मिळालं तर घ्या, नाहीतर स्टोव्हवर भागवा. शेकोटी वाळूने झाकून विझवायची सवय तिथे घातक आहे. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, आणि पहाटे अनवाणी पाय नेमका तिथे पडतो. झोपण्याच्या तासभर आधी नवं लाकूड घालणं थांबवा, मग भांडी धुतलेलं पाणी ओतून ढवळा, आणि हात जवळ नेऊन खात्री करा. गॅसचा डबा सॅन डिएगोतच घ्या, पुढे मिळणार नाही.

जेवणाबद्दल शाकाहाऱ्यांना एक सूचना. फ्रिहोलेस म्हणजे घेवड्यासारखी उसळ, दिसायला निरुपद्रवी, पण ती आणि गव्हाच्या तोर्तिया बऱ्याचदा 'मान्तेका' घालून करतात, म्हणजे डुकराची चरबी. 'सिन मान्तेका?' असं विचारा. मक्याची तोर्तिया तुलनेने सुरक्षित. मांस खाणाऱ्यांनी माचाका, म्हणजे वाळवलेलं, कुटलेलं गोमांस अंड्यात परतून करतात, ते जरूर चाखावं. रँचवरचा तो रोजचा नाश्ता आहे. उरलेलं अन्न तंबूत ठेवू नका, सगळं गाडीत. कोयोटे माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण बूट आणि पिशव्या पळवतात. बूट आत घ्या आणि सकाळी तरीही झटकून घाला. विंचू थंडीत सुस्त असतात, पण दगड उचलताना आणि लाकूड हाताळताना हातमोजे असू द्या. अतिनील टॉर्च असेल तर विंचू हिरवट चमकतो, झोपण्याआधी एक फेरी मारा.

टायरचं एवढंच: स्टेपनीत हवा आहे, जॅक आणि पान्हा आहे, हे सॅन डिएगोतच उघडून बघा. पंक्चरची दोरी, बारा व्होल्टचा हवेचा पंप आणि हवा मोजायचं मीटर न्या. फाट्यावर पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतील तर 35 वरून 25 पीएसआय करा, मऊ वाळू असेल तर 18. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की लगेच पाय काढा. रेस करत राहिलात तर गाडी पोटावर बसते. मग चारही चाकांमागची वाळू उपसा, हवा 15 वर आणा, पायपोस चाकाखाली सरकवा आणि ज्या वाटेने आलात तिनेच मागे या. डांबर लागायच्या आधी हवा पुन्हा भरा, कमी हवेवर हायवेच्या वेगाने टायर तापून फुटतो. काट्याने हवा गेली तर गावातला 'यान्तेरा'वाला दुरुस्त करून देतो.

मोबाइलला रेंज मिळेल असं धरूच नका. नकाशे आधी उतरवून ठेवा, परतीची वेळ सॅन डिएगोत कोणाला तरी सांगून ठेवा. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्या. (सुट्टीला भारतात जाताना मात्र ते सोबत नेऊ नका, विनापरवाना बाळगणं तिथे गुन्हा आहे.) रेंज असेल तिथे 911 आणि रस्त्यावरच्या मदतीसाठी 078, त्या मदतपथकाची हिरवी वाहनं दिवसा हायवेवर फिरतात. दवाखान्यासाठी सान किन्तीन गाठावं लागतं, 180 किलोमीटर. कोणाला दमा असेल, तीव्र ॲलर्जी असेल, तर औषध दुप्पट आणि मूळ पाकिटात. बिनलेबलच्या पुड्यांतली चूर्णं नाक्यावर उगाच प्रश्न निर्माण करतात.

नाक्यावर काच खाली, गॉगल काढलेला, मोबाइल खाली. 'कुठून आलात, कुठे चाललात' एवढंच बहुधा विचारतात. झडती घेतली तर शांतपणे बाजूला उभे राहून बघत राहा. गाडीत बंदुकीची एकही गोळी, रिकामं काडतूससुद्धा नको. भाड्याच्या गाडीचे कप्पे आणि सीटखालची जागा सीमेआधी तपासा, आधीच्या भाडेकरूचा ठेवा तुमच्या अंगावर येऊ शकतो. ई-सिगारेटही घरीच ठेवा.

परतताना सान इसिद्रोच्या सीमानाक्यावर रविवारी दुपारनंतर चार तासही लागू शकतात, म्हणून शनिवारी किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी सीमा ओलांडा. उरलेली फळं, मांस आणि जळण अलीकडेच संपवा किंवा देऊन टाका, आणि खाण्याचं जे काही शिल्लक असेल ते अधिकाऱ्याने विचारल्यावर सगळं सांगा. न सांगितलेल्या एका संत्र्याचाही दंड होतो.